पुनरारंभानंतर काय उरते?

एखाद्या बँकेच्या शाखेतील संगणकावर दोन प्रक्रिया, म्हणजे चालू अवस्थेतील दोन आज्ञावली, परस्परांच्या साहाय्याने काम करीत आहेत अशी कल्पना करू. पहिली खिडकीवरचा भरणा स्वीकारते. दुसरी त्याची खातेवहीत नोंद करते. एका खातेदाराने ५०० रुपये भरले. पहिल्या प्रक्रियेने तसा संदेश रांगेत ठेवला आणि पावती दिली. दुसरीने तो उचलण्यापूर्वीच वीज गेली. संगणक पुन्हा सुरू झाल्यावर तो संदेश रांगेत सापडेल काय? युनिक्स व लिनक्स या कार्यप्रणालींच्या बाबतीत या प्रश्नाचा विचार आपण येथे करू.

प्रक्रियांमधील संदेशवहनाची साधने अनेक असली, तरी त्यांच्या आयुष्याचा नियम एकच आहे. साधन ज्याच्या स्वाधीन असते, त्याच्याइतकेच ते टिकते. हे सांभाळणारे तीन आहेत : प्रक्रिया, कार्यप्रणालीचा गाभा म्हणजेच कर्नेल, आणि डिस्क.

१९७३ पासून युनिक्समध्ये असलेला साधा पाइप हा पहिल्या वर्गातला होय. तो वापरणाऱ्या सर्व प्रक्रिया संपल्या की तोही संपतो. पुनरारंभाचा प्रश्न त्याच्या बाबतीत उद्भवतच नाही.

दुसऱ्या वर्गात १९८३ च्या ‘सिस्टिम फाइव्ह’ युनिक्समधील संदेश-रांग, सेमाफोर आणि सामायिक स्मृती ही त्रयी येते. या वस्तू निर्माण करणारी प्रक्रिया संपली तरी त्या उरतात. ‘आयपीसीएस’ या आज्ञेने त्यांची यादी पाहता येते आणि ‘आयपीसीआरएम’ या आज्ञेने त्या काढून टाकता येतात. नवशिक्याची फसगत होते ती नेमकी येथेच. निर्माती प्रक्रिया गेल्यावरही रांग शाबूत आहे हे पाहून, ती डिस्कवर लिहिलेली असावी असा त्याचा ग्रह होतो. वस्तुतः तिची नोंद कर्नेलच्या स्मृतीतील कोष्टकांत असते. पुनरारंभात जुना कर्नेल जातो, नवा येतो आणि आपली कोष्टके कोरी मांडतो.

हा दोष केवळ वीज जाण्याचा आहे काय? नाही. लिनक्समधील ‘केएक्झेक’ या सोयीने यंत्र बंद न करताही नवा कर्नेल सुरू करता येतो. तरीही जुन्या रांगा मिळत नाहीत, कारण नव्या कर्नेलला त्यांची माहितीच नसते. उलट, ‘हायबरनेशन’मध्ये वीज पूर्ण तोडली तरी स्मृतीची प्रतिमा डिस्कवर जपली जाते, जुनाच कर्नेल पुढे चालू होतो आणि त्या वस्तूही परत मिळतात.

‘पॉझिक्स’ मानकातील सामायिक स्मृती लिनक्सवर ‘/डेव्ह/एसएचएम’ या निर्देशिकेत फाइलीसारखी दिसते. परंतु ही निर्देशिका स्मृतीतच वसलेली असल्याने पुनरारंभानंतर ती रिकामी होते. अर्थात दिसण्यावरून टिकाऊपणाचा अंदाज बांधू नये.

काही साधनांचे नाव एकाच्या हाती असते आणि आशय दुसऱ्याच्या. नामधारी पाइपचे नाव डिस्कवर राहते, त्यातील मजकूर मात्र जातो. स्थानिक सॉकेटचेही तसेच. डिस्कवर उरलेल्या जुन्या नावामुळे नव्या प्रक्रियेला ‘पत्ता आधीच वापरात आहे’ असा नकार मिळू शकतो. पोस्टग्रेस हा माहितीसाठा आपल्या प्रक्रियेचा क्रमांक एका फाइलीत लिहून ठेवतो. अकस्मात वीज गेल्यास ती फाइल उरते, पण प्रक्रिया व तिची सामायिक स्मृती नाहीशी झालेली असते. म्हणून पोस्टग्रेस सुरू होताना त्या फाइलीवर विसंबत नाही. त्या क्रमांकाची प्रक्रिया खरोखर जिवंत आहे की नाही, हे पडताळून पाहतो.

आता आपल्या खातेदाराकडे वळू. त्याचा संदेश कर्नेलच्या रांगेत होता. म्हणून तो गेला. पावती हाती आहे, पण खात्यात रक्कम नाही. यावर उपाय असा की, भरण्याची नोंद प्रथम डिस्कवरील फाइलीत करावी, ‘एफसिंक’ या आवाहनाने ती खरोखर डिस्कवर पोचल्याची खात्री करावी आणि मगच पावती द्यावी. प्रत्येक नोंदीस स्वतंत्र क्रमांक द्यावा. म्हणजे पुनरारंभानंतर अपुऱ्या नोंदी पूर्ण करताना तीच रक्कम दोनदा जमा होणार नाही. रांग हवी तर राहू द्यावी. तिचे काम निरोप पोचविण्याचे, जपण्याचे नव्हे.

सारांश, पाइप प्रक्रियांबरोबर जातो, रांग व सेमाफोर कर्नेलबरोबर जातात, आणि पुनरारंभ ओलांडते ते केवळ डिस्कवर खऱ्या अर्थाने पोचलेले. आज्ञावली लिहिणाऱ्याने प्रत्येक साधनाविषयी आधी विचारावे : हे कोणाच्या स्वाधीन आहे?