छोट्या आगगाडीसाठी रोहित्राची निवड

आमच्या ग्वाल्हेरच्या जयविलास प्रासादातील भोजनगृह ज्यांनी पाहिले आहे, त्यांच्या स्मरणात तेथील मेजावरची चांदीची आगगाडी खचित राहिली असेल. माधवराव शिंदे यांच्या काळी करवून घेतलेली ही गाडी भोजनोत्तर पाहुण्यांपुढे मद्याच्या सुरया आणि सिगार घेऊन फिरत असे. पाहुण्याने सुरई उचलली की विजेचे मंडल तुटे आणि गाडी थांबे. सुरई जागी ठेवली की ती पुन्हा चालू लागे. ही गाडी पाहावयास गेलेल्या मुलांचे डोळे चांदीवर खिळतात, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु विजेचा अभ्यास करणाऱ्याच्या मनात निराळा प्रश्न यावयास हवा. ज्या रुळांवर कोणाचाही हात सहज पडेल, त्या रुळांत वीज खेळवावयाची, तर ती किती, आणि कोणत्या साधनातून आणावी?

या प्रश्नाकडे आम्ही स्वतः एका फजितीमुळे वळलो. दोन वर्षांपूर्वी आमच्या विज्ञानमंडळाने स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनासाठी आठ फूट लांब व चार फूट रुंद फळीवर रेल्वेचा देखावा मांडला होता. दोन स्वतंत्र वर्तुळमार्गांवर दोन गाड्या, चार सांधे, एक बोगदा, एक स्थानक आणि वीस इवले दिवे. वीज पुरविण्यास जुन्या संचाबरोबर आलेले एकच रोहित्र. एक गाडी एकटी असताना मोठ्या ऐटीत धावे. स्थानकाचे दिवे लावले की तिचा वेग उतरे. दुसरी गाडी सोडली की दोन्ही रांगू लागत. सांधा बदलण्याचे बटण दाबताच सारे दिवे डोळे मिटत, आणि सांधा मात्र अर्ध्यावरच अडे. तासाभरात रोहित्राची पेटी हाताला सोसवेना. प्रमुख पाहुणे दारात आले तेव्हा आमची रेल्वे संपावर होती.

मुलांचे निदान असे की व्होल्टेज कमी पडले. ते बरोबर नव्हते. पेटीच्या तळाशी दोन आकडे कोरलेले होते: १६ व्होल्ट आणि १६ व्होल्ट-अँपिअर. आम्ही पहिला वाचला होता, दुसरा वाचलाच नव्हता. दुसऱ्या आकड्यास पहिल्याने भागले असता रोहित्रातून निर्धास्तपणे घेता येणारा प्रवाह मिळतो, तो येथे अवघा १ अँपिअर. दाब हा टाकीच्या उंचीसारखा आहे आणि व्होल्ट-अँपिअर हे ती टाकी एका वेळी किती तोट्यांना पुरेल हे सांगणारे माप आहे. एका तोटीची टाकी आम्ही चार तोट्यांना जोडली होती.

तेव्हा निवडीचा आरंभ बाजारात न करता कागदावर करावा. प्रथम आपल्या गाडीस कोणत्या जातीची वीज लागते हे पाहावे. १ः८७ या प्रमाणातील, १६.५ मिलिमीटर रुंदीच्या रुळांवरच्या, तसेच १ः१६० प्रमाणातील ९ मिलिमीटर रुळांवरच्या दोन-रुळी गाड्या सामान्यतः १२ व्होल्टांच्या एकदिश प्रवाहावर चालतात. प्रवाहाची दिशा उलटली की इंजिन मागे धावते. जर्मनीतील मर्क्लिनच्या जुन्या पद्धतीत मात्र सुमारे १६ व्होल्टांचा प्रत्यावर्ती प्रवाह असून दिशा बदलण्यासाठी क्षणमात्र २४ व्होल्टांचा झटका देतात. अमेरिकेतील लायनेलच्या तीन-रुळी गाड्याही प्रत्यावर्ती प्रवाहावरच्या. एकदिश प्रवाहाचे इंजिन प्रत्यावर्ती विजेवर ठेवणे म्हणजे त्याच्या मोटारीची चिता रचणे होय. अलीकडच्या अंकीय पद्धतीत रुळांवर दाब कायम असतो आणि प्रत्येक इंजिनातील लहानसे मंडल आपल्यापुरती आज्ञा ओळखते; तेथेही पुरवठा किती अँपिअरचा हवा, हा हिशेब सुटत नाही.

१२ व्होल्टांच्या गाडीस रोहित्र १५-१६ व्होल्टांचे का घेतात, हा प्रश्न नववी-दहावीच्या विद्यार्थ्यांस सुचण्याजोगा आहे. एकदिशकारकाच्या पुलातून जाताना सुमारे १.४ व्होल्ट खर्ची पडतात आणि गतिनियंत्रकही आपला वाटा घेतो. येथे एक चकवा आहे. एकदिशकारकापुढे मोठे धारित्र जोडले तर दाब लाटेच्या शिखरापर्यंत चढतो. म्हणजे १६ व्होल्टांचा २२ च्या वर जातो. मात्र त्याबरोबर घेता येणारा अखंड प्रवाह रोहित्रावर लिहिलेल्या आकड्याच्या सुमारे ६० टक्केच उरतो. निसर्ग एका हाताने देतो ते दुसऱ्या हाताने वसूल करतो, त्याचे हे उदाहरण.

आता भाराची बेरीज. आमची दोन इंजिने धावताना प्रत्येकी सुमारे अर्धा अँपिअर घेत. म्हणजे १ अँपिअर झाला. तारेचे वीस दिवे, प्रत्येकी ०.०५ अँपिअर, आणखी १ अँपिअर. एवढ्यानेच १६ व्होल्टांवर ३२ व्होल्ट-अँपिअर झाले, आणि चतुर्थांश शिल्लक ठेवावी म्हटले तर ४०. सांध्यांचा हिशेब याहून निराळा. सांधा ओढणारे विद्युत्चुंबक क्षणभरच, पण २ ते ४ अँपिअर ओढते. त्या क्षणासाठी मोठे रोहित्र घेण्यापेक्षा एक धारित्र सावकाश भरून ठेवावे आणि बटण दाबताच ते एकदम सांध्यात रिकामे करावे, हे शहाणपणाचे. याचा दुसरा लाभ असा की बटण अडकून राहिले तरी गुंडाळी जळत नाही. दिव्यांऐवजी एल.ई.डी. वापरले तर वीस मिळून पाव अँपिअरही लागत नाही. माझे स्वतःचे मत असे की गाड्या, दिवे आणि सांधे यांचे पुरवठे वेगळे ठेवावेत. एक बिघडला तर दोष शोधणे सोपे जाते.

मग सर्वात बलवान पेटीच का घेऊ नये? कारण रुळावरून घसरलेले चाक दोन्ही रुळांना एकदम टेकले की मंडल तोकडे होते. १ अँपिअरच्या पुरवठ्यात अशा वेळी थोडी ऊब निर्माण होईल. १६ व्होल्टांवर ५ अँपिअर देणारी पेटी त्या बोटाएवढ्या जागेत ८० वॉटपर्यंत उष्णता ओतू शकते, आणि डब्याचे प्लॅस्टिक लोण्यासारखे वितळते. म्हणून आपल्या भारास पुरेल इतकाच पुरवठा घ्यावा आणि त्यात आपोआप वीज तोडणारी कळ असावी. तिची परीक्षा सोपी आहे: रुळांवर आडवे रुपयाचे नाणे ठेवावे. कळ तत्क्षणी पडली पाहिजे.

येथवर प्रश्न इंजिनाच्या प्राणांचा होता. आता आपल्या.

१९२५ साली इंग्लंडातील हॉर्नबीने एक विजेची आगगाडी बाजारात आणली. तिच्यासाठी घरातील वीज एका दिव्याच्या रोधातून सरळ रुळांवर नेलेली असे. गाडी धावत असताना बराचसा दाब दिव्यात खर्च होई, म्हणून सर्व सुरक्षित भासे. पण इंजिन उचलले की दिव्यातून प्रवाह थांबे आणि दोन रुळांमध्ये घरातील वीज जशीच्या तशी उभी राही. २३० व्होल्टांवर ६० वॉटचा दिवा पाव अँपिअर प्रवाह जाऊ देतो. मनुष्याचे हृदय बंद पडण्यास त्याचा पाचवा हिस्सा पुरेसा ठरू शकतो. ती पद्धत लवकरच मागे पडली आणि खेळण्यांसाठी कमी दाबाचे युग आले. आज विजेच्या खेळण्यास २४ व्होल्टांहून अधिक दाब देऊ नये असा आंतरराष्ट्रीय दंडक आहे.

तरीही ती चूक नवा वेष घेऊन आपल्यापुढे येते. पंख्याचा रेग्युलेटर दाब कमी करतो, पण रूळ घरातील विजेपासून वेगळे करीत नाही. प्रयोगशाळेतील डिमरस्टॅटमध्ये वेटोळे एकच असते; काटा १२ वर असला तरी एखादा रूळ जमिनीच्या संदर्भात २३० व्होल्टांवर असू शकतो. खऱ्या रोहित्रात दोन वेटोळी असतात आणि त्यांच्यामध्ये तारेचा कसलाही संबंध नसतो. वीज चुंबकत्वाच्या रूपाने पलीकडे जाते. आपला प्राण या तुटलेपणावर अवलंबून आहे. प्लग काढून ठेवून मापकाने प्लगची दांडी आणि बाहेरची तार यांमधील रोध पाहावा. सुई हलली तर ती पेटी टाकून द्यावी. हे काम शिक्षकांसमक्षच करावे.

प्रत्यावर्ती प्रवाहाच्या गाड्यांत आणखी एक फसवा धोका आहे. रोहित्र दोन्ही दिशांनी काम करते. एकाच रुळास दोन रोहित्रे जोडली आणि एकाचा प्लग भिंतीतून काढला, तर दुसऱ्याचे १६ व्होल्ट पहिल्यात उलटे शिरून त्याच्या प्लगच्या उघड्या दांड्यांवर २०० व्होल्टांहून अधिक दाब उभा करतात. काढलेला प्लग हाती धरणाऱ्यास आपण विजेपासून दूर आहोत असेच वाटत असते! म्हणून एका मार्गास एकच रोहित्र, आणि दोन मार्गांच्या सीमेवर रूळ तोडून दुर्वाहक जोड घालावा.

परदेशी नातलगांकडून आलेल्या संचाविषयीही दोन शब्द. अमेरिकन रोहित्र १२० व्होल्ट व ६० आवर्तनांचे असते. आपल्या २३० व्होल्टांवर ते काही मिनिटांत जळते. दाब उतरविणारे साधन मध्ये घातले तरी आवर्तने ५० च राहतात, आणि त्याच्या गाभ्यास सुमारे पाचवा हिस्सा अधिक चुंबकत्व सोसावे लागून ते तापते. ती पेटी कपाटात ठेवून येथील पेटी घेणे बरे.

यंदा आम्ही गाड्यांसाठी दोन नियंत्रक, दिव्यांसाठी १२ व्होल्टांचा वेगळा पुरवठा आणि सांध्यांसाठी धारित्राची पेटी अशी व्यवस्था केली. प्रदर्शनाच्या आदल्या सायंकाळी नाण्याची परीक्षा घेतली. सर्वत्र कळ पडली. बोगद्यामागच्या वळणावर मात्र पडेना. केसासारखी बारीक तार आणि मळलेले रूळजोड यांतून तेथवर पोचणारा प्रवाह कळ पाडण्याइतका उरतच नव्हता. ०.२ चौरस मिलिमीटरच्या दहा मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.८६ ओहम भरतो. जोडांचा त्याहून पुष्कळ अधिक असावा. मुलांनी रात्री नऊपर्यंत बसून फळीखालून दीड चौरस मिलिमीटरची तार ओढली, ठिकठिकाणी ती रुळांस डाखली, आणि पुन्हा नाणे ठेवले. कळ पडली, तेव्हा कुठे आम्ही दिवे मालवून घरी गेलो.