चंचल मुलाच्या ताटात काय असावं?

दुसरीतल्या मुलाचा हात धरून एक ताई आमच्याकडे आल्या होत्या. शाळेनं बोलावून सांगितलं होतं की मुलगा जागेवर बसत नाही, रोज पेन्सिल हरवतो, प्रश्न पुरा होण्याआधीच उत्तर देतो. सासूबाईंचं म्हणणं, आईनं लाडावून ठेवलाय. शेजारीण म्हणाली, साखर बंद करा. आणि दुकानदारानं बुद्धी वाढवणाऱ्या पावडरचा चारशे रुपयांचा डबा गळ्यात मारला होता.

आम्ही विचारलं, सकाळी काय खातो? ताई म्हणाल्या, "चहा आणि टोस्ट. बसतच नाही हो खायला."

एडीएचडी म्हणजे मेंदूच्या वाढीतला फरक. लक्ष टिकवणं, थांबणं, आपली पाळी येईपर्यंत वाट पाहणं हे अशा मुलाला त्याच्या वयाच्या मानानं फार जड जातं. हे लाडानं होत नाही, मार कमी पडल्यानं होत नाही. पुष्कळदा ते घराण्यातूनच येतं. त्यामुळे कोणतीही पावडर, बदाम किंवा काढा ते घालवू शकत नाही. साखरेवरही शास्त्रज्ञांनी तपासून पाहिलं आहे. गोड खाल्ल्यानं मुलं जास्त चंचल होतात असं दिसलं नाही. साखर दातांसाठी आणि भुकेसाठी वाईट, तेवढ्यासाठी ती जरूर कमी करा.

मग आहाराचं एवढं का सांगतो? कारण रक्त कमी असलेलं आणि उपाशी मूलही चिडचिडं होतं, त्याचंही लक्ष लागत नाही. आधीच एडीएचडी असेल तर त्रास दुप्पट. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या सहा महिने ते पाच वर्षांच्या दर १०० मुलांमागे सुमारे ६९ मुलांचं रक्त कमी आढळलं. मूल माती किंवा खडू खात असेल, रात्री पाय हलवत राहत असेल, लवकर दमत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घ्याच. सरकारी दवाखान्यात ही तपासणी होते.

इथे एक गोष्ट विदर्भातल्या घरांनी नीट ऐकावी. आपल्या समाजात सिकलसेलचं प्रमाण जास्त आहे. सिकलसेलच्या रुग्णातही हिमोग्लोबिन कमी असतं, पण ते लोहाच्या कमतरतेमुळेच असेल असं नाही. अशा मुलाला आपल्या मनानं लोहाचं औषध देऊ नये. म्हणून आधी सिकलसेलची चाचणी, मग डॉक्टरांच्या सल्ल्यानं औषध. शाळेत आठवड्याला मिळणारी गोळी (पाच ते नऊ वर्षांना गुलाबी, दहाच्या पुढे निळी) मूल खिडकीबाहेर टाकतं की गिळतं, तेही विचारा. ती जेवणानंतर घ्यावी. शौच काळी झाली तर घाबरू नका. जंताची गोळीही चुकवू नका, जंत रक्त कमी करतात.

आता ताट. आमच्या मते सगळ्यात मोठा फरक सकाळच्या खाण्यानं पडतो. शिळी भाकरी आणि उसळ, उकडलेलं अंडं, शेंगदाण्याची चटणी लावलेली पोळी, मूठभर फुटाणे, यातलं काहीही चालेल. बसून खात नसेल तर गुंडाळी करून हातात द्या, फिरत खाऊ दे. कलेजी, मटण आणि सुकट यांतलं लोह अंगी चांगलं लागतं. डाळ आणि पालेभाजीतलं कमी लागतं, म्हणून वर लिंबू पिळा. चहा मात्र जेवणासोबत नको, तो लोह अडवतो. त्या डब्याच्या पैशात महिनाभर रोज एक अंडं येतं आणि वर शेंगदाण्यांनाही उरतात.

मासळी आणि जवसातल्या चांगल्या चरबीचा थोडा उपयोग दिसतो, पण थोडाच. महाग कॅप्सूलसाठी उसनवारी करू नका. २००७ साली इंग्लंडमधल्या एका अभ्यासात काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट घातलेलं पेय प्यायल्यावर काही मुलांची चंचलता वाढलेली दिसली. तेव्हा भडक रंगाचे गोळे आणि सरबतं टाळलेली बरी. दूध किंवा गहू मात्र कुणाच्या सांगण्यावरून बंद करू नका. आधीच बारीक मूल आणखी बारीक होतं.

निदान डॉक्टरांनीच करायचं. घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, सहा महिन्यांहून जास्त काळ त्रास दिसतो का ते पाहतात. कान आणि डोळेही तपासून घ्या. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या आरोग्य पथकाला सांगा, ते जिल्हा रुग्णालयातल्या डीईआयसी केंद्राकडे चिठ्ठी देतात. "यांची मुलं अशीच" हा शेरा वस्तीतल्या मुलांवर लवकर बसतो आणि तपासणी राहून जाते. म्हणून चिठ्ठी मागून घ्या.

मिथिलफेनिडेट हे औषध सुरू झालं तर दुपारची भूक मरते. हे आधी माहीत नसलं की आया घाबरून औषध बंद करतात. पोटभर नाश्ता देऊन मग गोळी द्यावी, दुपारी जाईल तेवढं, आणि रात्री भूक परत आली की उशीर झाला म्हणून नाही म्हणू नये. दर भेटीला वजन-उंची मोजायला सांगा.

त्या मुलाचं हिमोग्लोबिन ८.४ निघालं, सिकलसेल नव्हता. डॉक्टरांनी लोहाचं औषध दिलं. तीन महिन्यांनी तो दुपारी वर्गात झोपत नाही, चेहऱ्यावर तेज आहे. पेन्सिल अजून हरवतो. डीईआयसीची तारीख पुढच्या मंगळवारी आहे, आम्ही सोबत जाणार आहोत.