जर्मनीत दात दाखवताना : आधी काय, नंतर काय

पुण्यात डॉक्टर दात पाहतात, खर्च सांगतात आणि बऱ्याचदा त्याच बैठकीत कामाला लागतात. जर्मनीत कॅप किंवा ब्रिजसारख्या मोठ्या कामाला आधी लेखी अंदाजपत्रक, मग विम्याची मंजुरी, मग आपली सही आणि सर्वांत शेवटी ड्रिल असा क्रम असतो. तो उलटला तर मिळू शकणारे पैसे हातचे जातात. म्हणून पुढच्या सूचना दिलेल्या क्रमानेच पाहाव्यात.

1. भारतातून निघण्याआधी तपासणी उरकावी. अर्धवट रूट कॅनाल, तात्पुरती कॅप, अधूनमधून सुजणारी अक्कलदाढ यांचा निकाल इथेच लावून जावे. मात्र हे काम शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. रूट कॅनालनंतर कॅप बसेपर्यंत दोन-तीन फेऱ्या होतातच. संपूर्ण जबड्याचा एक्स-रे, म्हणजे ओपीजी, फाइलच्या स्वरूपात मागून घ्यावा.

2. आपला विमा नेमका कोणता, ते ओळखावे. बहुतेक नोकरदार आणि तीस वर्षांखालील बरेचसे विद्यार्थी सरकारी विमा व्यवस्थेत असतात. ती चालवणाऱ्या संस्थांना क्रांकनकासं म्हणतात. टेश्निकर, आओका, बार्मर ही त्यांतली परिचित नावे. त्यांचे कार्ड दवाखान्यात दाखवले की मूलभूत उपचारांचे बिल परस्पर जाते. खाजगी विमा असल्यास बिल आपल्या नावे येते. ते विमा कंपनीकडे पाठवून परतावा घ्यायचा. नव्याने आलेल्यांसाठीच्या स्वस्त प्रवासी विम्यात मात्र बहुधा फक्त वेदना थांबवण्यापुरताच उपचार बसतो. पॉलिसीतले दातांचे कलम खुर्चीत बसण्याआधी वाचलेले बरे.

3. पूरक दंतविमा घ्यायचा असेल, तर तो दुखणे निघण्याआधी घ्यावा. डॉक्टरांनी एखादा उपचार सुचवल्याची नोंद झाली, की त्यानंतर घेतलेला विमा सहसा त्या उपचाराचा खर्च देत नाही. अर्जात दातांबद्दल प्रश्न असतात आणि आधीच पडलेले दातही विचारले जातात. उत्तरे खरी द्यावीत. लपवाछपवी दाव्याच्या वेळी उघडी पडते. चांगले दात असलेल्या तरुणांना या विम्याची घाई नाही, असे माझे मत आहे.

4. दुखत नसताना पहिली टर्मिन, म्हणजे भेटीची वेळ, घ्यावी. दंतवैद्याला त्सानआर्त्स्ट म्हणतात. प्रत्येक राज्यातल्या दंतवैद्यांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर दवाखाने शोधता येतात, आणि अनेक ठिकाणी डॉक्टर कोणत्या भाषा बोलतात तेही दिलेले असते. बुधवारी आणि शुक्रवारी दुपारनंतर बरेच दवाखाने बंद असतात. वेळ रद्द करायची असल्यास किमान 24 तास आधी कळवावे, नाहीतर त्या वेळेचे शुल्क मागितले जाऊ शकते.

5. पहिल्या भेटीत आरोग्याचा फॉर्म भरावा लागतो. मधुमेह, रक्त पातळ करणारी गोळी, पेनिसिलिनची ॲलर्जी, गरोदरपण यांतले काहीही वगळू नये. गोळ्यांची नावे ब्रँडने नव्हे तर मूळ औषधाच्या नावाने लिहावीत. भारतातला ब्रँड तिथे कुणाला ठाऊक नसतो. तपासताना डॉक्टर सहायिकेला आकडे आणि अक्षरे सांगत जातात. त्यातला पहिला आकडा जबड्याचा भाग दाखवतो, दुसरा दाताचा क्रम. ‘तीन-सहा’ म्हणजे खालच्या डाव्या बाजूची पहिली मोठी दाढ. ‘त्से’ म्हणजे कीड, ‘एफ’ म्हणजे दात नाही. एवढे कळले तरी खुर्चीतली धडधड बरीच कमी होते.

6. त्याच दिवशी बोनुसहेफ्ट मागावे. हा मुद्दा सर्वांत जास्त दुर्लक्षिला जातो आणि पैशांच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा आहे. बोनुसहेफ्ट म्हणजे वार्षिक तपासणीची नोंदवही. ती फुकट मिळते. सरकारी विमा कॅप, ब्रिज, कवळी यांच्या ठरावीक मूलभूत खर्चाचा 60 टक्के वाटा देतो. सलग पाच वर्षे दरवर्षी तपासणीची नोंद असेल तर तो 70 टक्के होतो, दहा वर्षे असेल तर 75 टक्के. प्रौढांना वर्षातून एक नोंद पुरते, पण ती 31 डिसेंबरच्या आत व्हायला हवी. बारा ते सतरा वर्षांच्या मुलांना दर सहामाहीला एक लागते. शहर बदलताना वही सोबत न्यावी.

7. कोणते काम फुकट आणि कशाला पैसे, हे आधी विचारावे. तपासणी आणि वर्षातून एकदा कीटण काढणे विम्यात असते. सगळ्या दातांची सविस्तर सफाई, म्हणजे त्सानरायनिगुंग, वेगळी; तिला साधारण 80 ते 120 युरो पडतात आणि काही क्रांकनकासं त्यातला काही भाग देतात. युरोपीय संघात जानेवारी 2025 पासून चांदीचे, म्हणजे अमाल्गमचे, फिलिंग मोजके वैद्यकीय अपवाद सोडता बंद झाले आहे. त्याच्या जागी विनामूल्य असा साधा पर्याय असतो. दाढेत थरांनी भरलेले दातांच्या रंगाचे महागडे फिलिंग हवे असेल, तर वरचा फरक आपला; तो करार कामाआधी लेखी होतो.

8. कॅप किंवा ब्रिज सुचवल्यास हाइल-उंड-कॉस्टनप्लान घ्यावा. हे उपचाराचे आणि खर्चाचे अंदाजपत्रक. दवाखाना ते क्रांकनकासंकडे पाठवतो. मंजुरी आल्यावरच काम सुरू करायचे, आणि ते सहा महिन्यांत पूर्ण व्हावे लागते. इथे एक गैरसमज हमखास होतो. 60 टक्के हे आपल्या बिलाचे नव्हेत, मूलभूत उपचाराच्या खर्चाचे. समजा तो खर्च 500 युरो आहे, तर विम्याचे 300. आपण 1,200 युरोंची सिरॅमिक कॅप निवडली तरी विमा 300च देणार, उरलेले 900 आपले. मागच्या दाढांसाठी मूलभूत कॅप धातूची असते. अंदाजपत्रक घेऊन दुसऱ्या दंतवैद्याचे मत घेता येते; त्यात संकोच मानू नये. उत्पन्न फार कमी असेल, तर हेर्टेफाल या सवलतीसाठी क्रांकनकासंकडे आधीच अर्ज करावा. विद्यार्थ्यांनी हे जरूर विचारावे.

9. ‘भारतात गेल्यावर करून घेऊ’ हा विचार पारखून करावा. खर्च कमी येतो हे खरे. पण सरकारी विमा युरोपाबाहेरच्या ठरवून केलेल्या दंतोपचाराचे पैसे सर्वसाधारणपणे देत नाही, आणि जर्मनीत फिलिंग व कॅपवर कायद्याने मिळणारी दोन वर्षांची हमीही त्याला लागू नाही. दोन आठवड्यांच्या सुट्टीत, त्यातही एखादे लग्न असताना, इम्प्लांट सुरू करू नये. हाड भरून यायला महिने लागतात.

10. अचानक ठणका लागला तर सकाळी दवाखाना उघडताच फोन करावा आणि ‘इश हाबं त्सानश्मेर्त्सन’, म्हणजे दात दुखतो आहे, असे आधी सांगावे. वेदनेच्या रुग्णाला बहुधा त्याच दिवशी मध्ये घेतात, थांबावे मात्र लागते. रात्री किंवा सुट्टीच्या दिवशी नोटडीन्स्ट, म्हणजे आपत्कालीन दंतसेवा असते; तिची माहिती दवाखान्याच्या उत्तरयंत्रावर मिळते. प्रतिजैविके चिठ्ठीशिवाय मिळत नाहीत. सूज गळ्याकडे उतरली, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला, तर दंतवैद्य शोधत न बसता 112 लावावा.

11. आई-बाबा भेटीला येणार असतील, तर त्यांची तपासणी तिकिटे काढतानाच ठरवावी. शेंगेन व्हिसासाठी लागणारा किमान 30,000 युरोंचा प्रवासी विमा तातडीच्या उपचारांसाठी असतो. जुनी कवळी, हलणारी कॅप किंवा आधीपासून दुखणारी दाढ त्यात सहसा बसत नाही. निघण्याच्या महिनाभर आधी तरी त्यांचे दात दाखवून घ्यावेत.