रात्रीची लांबी आणि जनावरांचा माज

मेंढी, घोडी किंवा म्हैस वर्षाच्या ठराविक दिवसांतच अधिक करून माजावर कां येते, हा प्रश्न जनावरें बाळगणाऱ्या शेतकऱ्यास नेहमीं पडतो. चारापाणी व हवामान हीं कारणें खरींच. परंतु आणखी एक कारण जनावराच्या मस्तकांत आहे.

मेंदूच्या मध्यभागीं पिनियल नांवाची एक लहानशी ग्रंथि असते. डोळ्यांवर उजेड आहे तोंपर्यंत ती जवळजवळ स्वस्थ असते. अंधार पडला म्हणजे ती मेलॅटोनिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडूं लागते. येल विद्यापीठांत ॲरन लर्नर व त्यांचे सहकारी यांनीं हें द्रव्य गुरांच्या ग्रंथींपासून वेगळें काढून १९५८ सालीं प्रसिद्ध केलें. त्यांचा शोध कातडीच्या रंगासंबंधीं होता. वेतांशीं याचा संबंध मागाहून कळला.

रात्र जितकी मोठी तितका वेळ हा स्राव चालतो, आणि त्यावरून शरीर ऋतु ओळखतें. मौज अशी कीं, थंड देशांत मोठ्या होणाऱ्या रात्री मेंढीला माजावर आणतात व घोडीचा माज बंद पाडतात. मेंढी पांच महिने गाभण राहते, घोडी अकरा. दोघींचीं पिलें मात्र वसंतांत, कोंवळ्या गवतावर जन्मतात.

मोजणीचें काम नाजूक आहे. दिवसाच्या रक्तांत हें द्रव्य नांवापुरतेंच सांपडतें. म्हणून रात्रीं, मंद तांबड्या उजेडांत, ठराविक अंतरानें रक्त घ्यावें लागतें. झगझगीत पांढरा दिवा लावला कीं स्राव थांबतो व मेहनत फुकट जाते. एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग करावे, त्यांतील एकेका भागाला पिकोग्रॅम म्हणतात. मोजणी या मापानें होते. किरणोत्सर्गी खूण केलेलें मेलॅटोनिन रक्ताच्या नमुन्यांत मिसळतात. खुणेचें व बिनखुणेचें, दोन्ही मोजक्या प्रतिपिंडांस चिकटूं पाहतात. खुणेचें जितकें कमी चिकटेल, तितकें रक्तांतलें अधिक समजावें.

ऑस्ट्रेलिया, फ्रान्स, स्पेन या देशांत मेंढीच्या कानामागें कातडीखालीं १८ मिलिग्रॅमची गोळी बसवून, पांच-सहा आठवड्यांनीं कळपांत नर सोडतात. मेंढीच्या शरीरास मोठ्या रात्री आल्याचा भास होतो व ती हंगामापूर्वीं माजावर येते.

आमच्याकडे ही गोळी सरसकट उपयोगी पडेल असें आम्हांस वाटत नाहीं. पुण्यास सर्वांत मोठा दिवस सुमारें सव्वातेरा तासांचा व सर्वांत लहान अकरांचा. पॅरिस येथें हेंच अंतर आठ तासांच्या घरांत जातें. आमची दख्खनी मेंढी दिवसमानापेक्षां चाऱ्याकडे अधिक पाहते. तिच्यासाठीं गोळीचा खर्च करण्यापेक्षां नर सोडण्यापूर्वीं तीन आठवडे तिला दाणा चारणें आम्ही पसंत करूं.

म्हशीची गोष्ट निराळी. दिवस लहान होऊं लागले कीं तिचा माज वाढतो, उन्हाळ्यांत तो मंदावतो किंवा मुका राहतो. तिच्यावर या गोळीचे प्रयोग हिंदुस्थानांत व इटलींत झाले आहेत. तरीही उन्हाळ्यांतील मुक्या माजाला उष्णता व हिरव्या चाऱ्याची उणीवही कारण असते. तेव्हां सांवली, डुंबण्यास पाणी आणि पहांटे व रात्रीं माजाची पाहणी हीं आधीं करावीं, आणि गोळीचा विचार पशुवैद्यास विचारूनच करावा. रात्रींच्या पाहणीस मंद कंदील पुरतो.