हॉटेल बंद पडलं, पीएफ बुडाला का?

प्रश्न : बोईसरच्या एका हॉटेलात २०१७पासून वेटर होतो. मार्च २०२०मध्ये लॉकडाउन लागला, आम्हाला घरी पाठवलं. ऑक्टोबरात हॉटेलं उघडली, आमचं उघडलंच नाही. आता तारापूर एमआयडीसीतल्या कँटीनमध्ये आहे. एक एजंट म्हणतो, तीन वर्षं उलटली, जुना पीएफ बुडाला. निम्मे दिलेत तर काढून देतो. काय करू?
– एक वाचक, मासवण

उत्तर : आधी निर्धास्त व्हा. तुमच्या खात्यात जमा झालेला पीएफ मालकाचा धंदा बसला म्हणून बुडत नाही. तीन वर्षांनी व्याज थांबण्याचा नियम निवृत्तीनंतरच्या खात्यांना लागतो. तरुणपणी नोकरी सुटली तर व्याज चालूच राहतं.

जुन्या पगारपत्रकावर यूएएन नंबर सापडेल. आधारला जोडलेला मोबाइल चालू ठेवा आणि उमंग अ‍ॅपवर पासबुक पाहा. नोकरी सोडल्याची तारीख मालकाने भरली नसेल, तर शेवटच्या भरण्यानंतर दोन महिन्यांनी ती तुम्हाला स्वतः ऑनलाइन भरता येते.

कँटीनमध्ये पीएफ कापत असतील, तर पैसे काढण्यापेक्षा जुनं खातं नव्यात वर्ग करा. पेन्शनला दहा वर्षांची सेवा लागते. जुनी वर्षं त्यात धरली जातात.

पगारातून कापलेले पैसे पासबुकात दिसत नसतील, तर पगाराच्या पावत्या जोडून भविष्य निर्वाह निधी कार्यालयाच्या पोर्टलवर तक्रार करा. या कशालाच फी नाही. एजंटला ओटीपी मात्र चुकूनही सांगू नका.