पहिले बिऱ्हाड आणि बेताचा पैसा

आपल्या मंडळींत दरवर्षी अनेक लग्ने होतात, आणि लग्नापाठोपाठ शहराच्या कडेला उभ्या राहिलेल्या एखाद्या नव्या सोसायटीत दोन खोल्यांचे बिऱ्हाड मांडले जाते. किल्ली हाती येते तेव्हा पैशाची थैली बहुधा रिकामी झालेली असते. अनामत, कर्जाचा पहिला हप्ता, दस्तऐवजाचा खर्च यांतून जे उरेल त्यात घर लावायचे असते. अशा वेळी 'घर कसे सजवावे?' हा प्रश्न मला अनेक मुलीसुना विचारतात. माझे उत्तर नेहमी एकच असते : आधी घरात राहावे, मग घर भरावे, आणि निजणे, वारा, पाणी व उजेड यांची सोय होईपर्यंत पाहुण्यांच्या नजरेसाठी एक पैसाही खर्चू नये. हे उत्तर मला पुस्तकातून मिळालेले नाही. ते कसे मिळाले, ते आधी सांगते.

१९७९ साली आमचे लग्न झाले आणि वडोदऱ्यात, शहराच्या जुन्या भागात, आम्ही दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटले. शेजारच्या घरी कोच होता, म्हणून आम्हीही हप्त्याने कोच घेतला. तो बाहेरच्या खोलीत मावला खरा, पण मग तिथे दुसरे काही मावेना. पंखा एकच होता, तोही त्याच खोलीत. पुढच्या वैशाखात मामंजी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी गावाहून आले. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर डोळ्यांना पट्टी बांधून काही दिवस न हलता उताणे निजावे लागे. आमच्या घरी खाट नव्हती. कोचावर वयस्क माणसाला पाय पसरता येईनात. आतल्या खोलीत पंखा नव्हता. शेवटी कोच उचलून शेजाऱ्यांच्या ओटल्यावर नेऊन ठेवला, त्यावर जुनी चादर घातली, आणि मामंजींची गादी पंख्याखाली जमिनीवर अंथरली. डोळे बांधलेल्या माणसाला जमिनीवरून उठवताना आम्हा दोघांनाही दोन्ही बाजूंनी धरावे लागे, आणि प्रत्येक वेळी टाक्यांची धास्ती वाटे. मामंजी तक्रार करणारे नव्हते. एका दुपारी त्यांनी एवढेच विचारले, "सूनबाई, नवा कोच घेतलाय म्हणतात. रंग कोणता ग?" मी रंग सांगितला. त्या महिन्याचा हप्ता मात्र भरताना माझा हात जड झाला.

त्या अनुभवावरून पुढील गोष्टी लिहिल्या आहेत.

१. आधी मोजमाप

दुकानात जाण्यापूर्वी मोजपट्टी आणि वही घ्यावी. प्रत्येक खोलीची लांबी-रुंदी, खिडकीची जमिनीपासूनची उंची, विजेची बटणे कुठे आहेत, दार कोणत्या बाजूला उघडते, हे सारे लिहून काढावे. मुख्य दाराची आणि जिन्याच्या वळणाची रुंदी मोजण्यास विसरू नये. दुकानात छोटे दिसणारे कपाट जिन्याच्या वळणावर अडते.

दहा फूट लांब व दहा फूट रुंद खोलीची जमीन १०० चौरस फूट. साडेसहा फूट लांब व पाच फूट रुंद पलंग त्यातील साडेबत्तीस चौरस फूट, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश जागा घेतो. कपाट पावणेदोन फूट खोल असले तरी त्याचे दार उघडण्यास पुढे दीड फूट हवे. पलंगाच्या कडेने चालण्यास निदान दोन फूट सोडावे लागतात. म्हणून जे घ्यायचे त्याच्या मापाची जुनी वर्तमानपत्रे जमिनीवर अंथरावी आणि दोन दिवस त्यांना वळसा घालून वावरून पाहावे. कागद पायाखाली येत असेल, तर उद्या पलंगाचा कोपरा गुडघ्याला लागणार हे निश्चित समजावे.

२. खर्चाचा क्रम

हाती शंभर रुपये आहेत असे धरले, तर मी ते असे वाटते : चाळीस रुपये निजण्याची सोय, पंखे आणि पिण्याचे पाणी यांसाठी, पंचवीस स्वयंपाकघरासाठी, पंधरा कपडे व जिन्नस ठेवण्याच्या सोयीसाठी, दहा पडदे व दिवे यांसाठी. उरलेले दहा रुपये हाती ठेवावे, कारण पहिल्या तीन महिन्यांत नळ गळतो, कडी निघते, किंवा पूर्वी न सुचलेली एखादी वस्तू अगदीच निकडीची ठरते.

निजण्यासाठी आरंभी दोन एकेरी खाटा घ्याव्या. जोडल्या की पलंग होतो; आईवडील आले की एक खाट दुसऱ्या खोलीत जाते. कापसाची गादी करावी. काही वर्षांनी ती दडपली की पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून पुन्हा भरता येते. दिवसा एका खाटेवर चादर घालून भिंतीशी दोन लोड ठेवले की तीच बैठक होते. बाहेरच्या खोलीत सतरंजी, दोन घडीच्या खुर्च्या आणि ही बैठक एवढ्यावर वर्ष सहज निघते.

स्वयंपाकघरात भिंतीवरची स्टीलची मांडणी, झाकणाचे डबे आणि रोजच्या चार माणसांपुरती भांडी पुरेत. तीस पानांची भांडी घेऊन ठेवण्याचे कारण नाही. मंगळागौर, बारसे अशा प्रसंगांसाठी भांडी आणि सतरंज्या संस्थेच्या भांडारातून नेता येतात. ती सोय याचसाठी केलेली आहे, आणि तिचा उपयोग करण्यात कमीपणा नाही.

३. ऊन, वारा आणि उजेड

वडोदरे कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेस आहे. त्यामुळे जूनमध्ये भर दुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि दक्षिणेच्या खिडकीतून ऊन आत येत नाही. डिसेंबरात तो दक्षिणेकडे कलतो, तेव्हा तेच ऊन त्या खिडकीतून खोलीत चांगले आत येते व हवेसे वाटते. खरा त्रास पश्चिमेच्या खिडकीचा. तिसऱ्या प्रहरानंतरचे तिरपे ऊन तिच्यातून सरळ आत शिरते आणि रात्रीपर्यंत भिंत तापलेली राहते. म्हणून पडद्यांचे पैसे थोडे असतील तर पहिला पडदा पश्चिमेस लावावा, आणि शक्य तर तो बांबूच्या काड्यांचा, खिडकीच्या बाहेरच्या अंगाला असावा. ऊन काचेतून आत आल्यावर आतला कापडी पडदा त्याला पुरते परतवू शकत नाही. चैत्र-वैशाखाच्या कोरड्या हवेत वाळ्याचा ओला पडदा चांगला गारवा देतो. पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याचा उपयोग उरत नाही, तेव्हा तो वाळवून गुंडाळून ठेवावा.

पंखा प्रत्येक निजायच्या खोलीत हवाच. जुन्या पद्धतीचा छताचा पंखा सुमारे ७५ वॅट वीज घेतो, नव्या बी.एल.डी.सी. मोटारीचा पंखा ३० ते ३५ वॅट. चाळीस वॅटचा फरक धरला आणि पंखा रोज १२ तास, वर्षाचे ३०० दिवस चालला असे मानले, तर एका पंख्यामागे वर्षाला १४४ युनिटे वाचतात. आपल्या बिलातील दराने त्यांना गुणावे आणि किमतीतील फरक किती वर्षांत भरून निघतो ते पाहावे. ९ वॅटचा एल.ई.डी. दिवा जुन्या ६० वॅटच्या बल्बाइतका उजेड देतो. छत पांढरे आणि भिंती फिक्या रंगाच्या ठेवल्या तर तोच उजेड अधिक वाटतो. झुंबरापेक्षा ओट्यावर, वाचण्याच्या जागी आणि आरशाजवळ एकेक दिवा असणे जास्त सुखाचे.

४. लाकूड आणि पाणी

स्वस्त फर्निचर बहुधा लाकडाच्या भुशाच्या फळीचे असते. वरून ते गुळगुळीत व देखणे दिसते, पण कडेने पाणी शिरले की फळी फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही. त्यात बसवलेला स्क्रू एकदा सुटला की धरत नाही. २०१९ आणि २०२४ सालच्या पुरांत विश्वामित्रीचे पाणी ज्यांच्या तळमजल्यावर शिरले, त्यांनी हे डोळ्यांनी पाहिले आहे. लोखंडी खाट पुसून, रंग देऊन पुन्हा वापरात आली. सागवानी पाट वाळले. भुशाच्या फळीची कपाटे मात्र टाकून द्यावी लागली. म्हणून तळमजल्यावर राहणाऱ्यांनी पायांवर उभ्या असलेल्या लोखंडी वा सागवानी वस्तू घ्याव्या. मोरीजवळ व ओट्याखाली दगडी कडप्प्याच्या फळ्या सर्वांत टिकाऊ. प्लायवूडच लावायचे असेल तर आय.एस. ७१० या प्रमाणाचे, पाण्यास टिकणारे घ्यावे.

५. जुन्या वस्तू

आजीचे फडताळ, आईची शिवणाची पेटी, काकांचे लिहिण्याचे मेज या वस्तू नाकारू नयेत, पण डोळे मिटूनही घेऊ नयेत. सागवान ओळखून, सांधे हलवून, खालची बाजू वाळवीसाठी तपासून मगच घ्यावे. सुताराकडून घासून-पुसून तेल दिले की जुने सागवान नव्याहून सरस दिसते. उन्हाळ्यात विद्यापीठाचे वर्ष संपले की बाहेरगावचे विद्यार्थी खोल्या सोडतात. तेव्हा टेबले, खुर्च्या, पुस्तकांच्या मांडण्या कमी किमतीत मिळतात. वापरलेली गादी आणि कापड भरलेला कोच मात्र घेऊ नये, कारण त्यांतून ढेकूण घरात येतात.

वडीलधाऱ्यांनाही एक विनंती. नव्या जोडप्याला वस्तू देण्यापूर्वी विचारावे. प्रेमाने दिलेले मोठे कपाट छोट्या खोलीत आले की सून बोलत नाही, आणि रोज त्याला वळसा घालत राहते.

६. शोभा

मग घराला शोभा नकोच काय? हवी, परंतु ती थोडी आणि आपली असावी. आपल्याजवळच संखेडे आहे. तेथील खरादी कारागीर सागवान चरकावर कातून त्यावर कथिलाच्या भुकटीने नक्षी काढतात, ती घोटतात आणि वर लाखेचा लेप देतात. तेव्हा पांढरी नक्षी सोन्यासारखी पिवळी दिसू लागते. संखेड्याचा झोपाळा ही आपल्याकडील अनेक घरांची हौस आहे, पण ती पहिल्या वर्षाची खरेदी नव्हे. पहिल्या वर्षी तिथला एखादा छोटा चौरंग घ्यावा. पुढे झोपाळा घेतलाच, तर फ्लॅटच्या छताला आपल्या मनाने भोके पाडू नयेत. इमारतीच्या अभियंत्यास विचारावे, किंवा स्वतःच्या चौकटीवर उभा राहणारा झोपाळा घ्यावा. बाकी उंबऱ्यावरची रांगोळी, खिडकीतली तुळस आणि आईच्या जुन्या साडीच्या काठाचे पडदे यांनी जी शोभा येते, तिला फार पैसा लागत नाही.

७. हप्त्यांचा हिशेब

ऋण काढून सण करू नये, हे आपण मुलांना सांगतो आणि घर लावताना स्वतः विसरतो. ६०,००० रुपयांचे सामान घेतले आणि 'वर्षाला फक्त १२ टक्के' अशा सपाट दराने दोन वर्षांची मुदत घेतली, तर व्याज १४,४०० रुपये होते व हप्ता ३,१०० रुपये पडतो. येथे खुबी अशी की, मुद्दल दरमहा फिटत असूनही व्याज अखेरपर्यंत पूर्ण ६०,००० वर आकारले जाते. घटत्या शिलकेवर हिशेब केला तर हाच दर सुमारे साडेएकवीस टक्के भरतो. 'शून्य टक्के' व्याजाच्या जाहिरातींबाबत तर रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावले होते की शून्य व्याज अशी गोष्टच नसते. व्याज कुठल्या ना कुठल्या आकारात वा किमतीत दडलेले असते. तेव्हा दुकानदारास प्रथम रोखीची किंमत विचारावी आणि मगच हप्त्यांची बेरीज तिच्याशी ताडून पाहावी. तेच ३,१०० रुपये दरमहा बाजूला ठेवले, तर एकोणीस महिन्यांत ५८,९०० रुपये जमतात आणि विसाव्या महिन्यात सामान रोखीने येते.

'पण लोक काय म्हणतील?' असे पुष्कळ सासवा विचारतात. मीही आता सासू आहे. गेल्या वर्षी मुलाने आणि सुनेने नवे घर घेतले. मी भेटीस गेले तेव्हा बाहेरच्या खोलीत सतरंजी व दोन खुर्च्या होत्या, आणि क्षणभर माझ्याही मनात तोच प्रश्न आला. मग सुनेने आतली खोली दाखवली. तेथे एक एकेरी खाट, तिच्या डोक्याशी दिवा, वर पंखा, पश्चिमेच्या खिडकीला बांबूचा पडदा आणि खाटेवरून हात पोहोचेल असे पाण्याचे तांब्याभांडे होते. "ही तुमची आणि बाबांची, आलात की," ती म्हणाली, "दुसरी खाट पुढल्या महिन्यात घेणार आहोत." कोच केव्हा घेणार, हे मी विचारले नाही. त्या रात्री मी तिथेच राहिले.