परिचारिका व्हायचे आहे?

पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयात किंवा कामोठ्याच्या एमजीएम रुग्णालयात तुम्ही कधी ना कधी गेला असाल. डॉक्टर रुग्णाला तपासून पुढे जातात. रात्रभर जवळपास असते ती सिस्टर. सलाईन संपले, ताप चढला, म्हातारे माणूस घाबरले, की हाक तिलाच जाते.

तुम्ही जिला उर्दूत 'तीमारदारी' म्हणता, तिला मराठीत 'शुश्रूषा' म्हणतात. शुश्रूषा घरी आईही करते. मग परिचारिका वेगळी कशी? तिने ठरावीक शिक्षण घेतलेले असते, परीक्षा दिलेली असते आणि तिचे नाव राज्याच्या परिचर्या परिषदेच्या नोंदवहीत असते. नोकरी सरकारी असो, खाजगी असो की परदेशातली, प्रथम ही नोंद विचारली जाते.

एके काळी हे काम हलके समजले जाई. अशा काळात रमाबाई रानडे यांच्या पुणे सेवासदनाने स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण घेण्यासाठी ससून रुग्णालयात पाठवले. आज मुलगेही हे शिक्षण घेतात. रुग्णालयात त्यांना 'ब्रदर' म्हणतात.

या शिक्षणाच्या तीन मुख्य वाटा आहेत आणि तिन्ही बारावीनंतर सुरू होतात. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचा अभ्यासक्रम आहे. पहिल्या दोन्हींना कला शाखेची मुलगीही जाऊ शकते. बी. एस्सी.साठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी हे विषय लागतात व प्रवेश परीक्षाही द्यावी लागते. म्हणजे हा निर्णय बारावीनंतर नव्हे, दहावीचा निकाल लागताच घ्यावा लागतो. अकरावीत विज्ञान सोडले, तर ही एक वाट तेथेच बंद होते. जीएनएम झालेल्यांना पुढे दोन वर्षांत बी. एस्सी. पूर्ण करता येते, हे खरे. पण तो वळसा आहे.

आता एक सावधगिरीची गोष्ट. 'दहावी पास? सहा महिन्यांत नर्स बना!' अशा जाहिराती तुम्ही पाहिल्या असतील. असे वर्ग करून एखाद्या लहान दवाखान्यात मदतनीस म्हणून काम मिळेलही. पण परिषदेच्या नोंदवहीत नाव लागणार नाही. फी गेली, वर्ष गेले आणि हातात राहिला नुसता कागद! म्हणून पैसे भरण्यापूर्वी त्या संस्थेचे नाव परिषदेच्या मान्यताप्राप्त यादीत आहे का, हे वडीलधाऱ्यांना बरोबर घेऊन पाहा. हे विचारण्यात संकोच कसला?

नोंदणी झालेल्या परिचारिकेला कामाची क्षेत्रे पुष्कळ आहेत. पनवेल तालुक्यातच पाहा. आदिवासी वाड्यांपर्यंत पोहोचते ती उपकेंद्राची एएनएम. बाळाची लस, गरोदर बाईची तपासणी, तापाच्या रुग्णाची चौकशी, सारे तिच्याकडे. खारघरला टाटा स्मारक केंद्राची कर्करोगावरील संशोधन व उपचार संस्था आहे. तेथील परिचर्या वेगळेच कौशल्य मागते. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिका म्हणून लागलेली व्यक्ती पुढे परिसेविका आणि अधिसेविका, म्हणजे मेट्रन, होऊ शकते. एम. एस्सी. केले तर महाविद्यालयात शिकवता येते. पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात मुलींना बी. एस्सी. नर्सिंग करता येते. शिकताना राहण्याजेवण्याचा खर्च सरकार करते आणि नंतर लेफ्टनंट म्हणून सैन्यात सेवा करावी लागते. लहान खाजगी रुग्णालयांत मात्र पगार बहुधा कमी आणि रात्रपाळ्या जास्त, हेही आधीच माहीत असावे.

कोकणातील अनेक घरांतली माणसे आखाती देशांत नोकरी करतात. तेथे परिचारिकांना मागणी आहे; पण इथली नोंदणी, कामाचा अनुभव आणि त्या देशाची परीक्षा, हे सारे लागते. जर्मनीला जायचे तर जर्मन भाषा शिकावी लागते. काही दलाल परिचारिकांकडून भरमसाट पैसे उकळत. म्हणून २०१५ साली भारत सरकारने आखाती देशांसह अठरा देशांसाठी परिचारिकांची भरती सरकारी संस्थांमार्फत करण्याचा नियम केला.

परिचर्येची पुस्तके इंग्रजीत असतात. रुग्ण मात्र आपल्या बोलीत बोलतो. उर्दू बोलणाऱ्या आजीबाईंना तुमची भाषा ऐकूनच अर्धे बरे वाटेल. पण खेड्यातून आलेला शेतकरी काय सांगतो, तेही नेमके कळले पाहिजे. मराठीत नुसते 'दुखते' म्हणून भागत नाही. डोके ठणकते, पोटात कळ येते, पाठीत चमक निघते, पायाला मुंग्या येतात, जखम चुरचुरते. छातीत जळजळते म्हणणारा रुग्ण आणि छातीत कळ येते म्हणणारा रुग्ण, हे दोघे एकच गोष्ट सांगत नाहीत. डॉक्टरांना निरोप देताना सिस्टरने रुग्णाचा तोच शब्द सांगायचा असतो.